पंख्याने नकार दिला तेव्हा

फार वर्षांपूर्वी मुली लग्नाचा होकार तोंडाने देत नसत. म्हणून सुभद्रेने आणि शेजारच्या त्र्यंबकाने खूण ठरवली होती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात तिने वाळ्याचा पंखा छातीशी स्थिर धरला तर होकार, हलवला तर नकार.

त्र्यंबक पन्ह्याची घागर घेऊन दारात आला. पंखा ऐटीत सुभद्रेच्या छातीशी टेकला होता. तेवढ्यात उपवास धरलेल्या अंबूमावशींना उन्हाने घेरी आली. सुभद्रा लगबगीने त्यांना वारा घालू लागली.

“अगं, थांब!” पंखा कुजबुजला. “तो नकार समजेल ना!”

“समजू दे. मावशी डोळे उघडत नाहीयेत.”

त्र्यंबकाचा चेहरा उतरला. घागर ठेवून तो परत निघाला, तोच त्याला आडव्या पडलेल्या मावशी दिसल्या. तो पन्ह्याचा पेला भरून धावला. मावशींनी दोन घोट घेतले, तेव्हा तो सुभद्रेला म्हणाला, “हात दुखला असेल. आण तो पंखा इकडे.”

त्र्यंबकाने पंखा हलवला तर काय समजायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. त्याच्या हातातला पंखा मात्र मावशींना वारा घालता घालता हळूच सुभद्रेकडे कलला.

मावशींनी एक डोळा उघडला. “त्र्यंबका, घेरी मला आलीय रे, तिला नाही!”