बेंबी नसलेली गोटी

“आठ दिवसांत मला बिनडागाची गोटी हवी! तीही हातानं घडवलेली! नाहीतर तुझी भट्टी कायमची बंद!”

राजे चंडप्रताप गरजले आणि म्हातारा सटवाजी काचारी हात जोडून कारण सांगू लागला.

राजांना जुन्या काचेच्या गोट्या जमवायचं भारी वेड. मखमली पेटीतल्या नव्व्याण्णव गोट्यांची विचारपूस राणीसाहेबांपेक्षा जास्त व्हायची! प्रत्येक गोटीच्या तळाशी एक खरखरीत ठिपका होता, पण तो राजांना कधी खुपला नव्हता. परवा गुलाबशेट व्यापारी एक गुळगुळीत गोटी घेऊन आला, तेव्हा मात्र खुपला.

“दोनशे वर्षांची आहे, महाराज! हातानं घडवलेली, आणि डागाचा पत्ता नाही!”

बदल्यात शेटला एक अख्खं गाव हवं होतं. मग राजांना वाटलं, गाव कशाला द्यायचं? आपला काचारी आहे की!

घरी येऊन सटवाजीनं डोक्याला हात लावला. त्याची मुलगी गोजरा भट्टीत लाकूड सारत होती. राजांचा हुकूम ऐकून तिचं डोकं भट्टीपेक्षा तापलं.

“आबा, काचेच्या कांडीवरून तोडल्याशिवाय गोटी सुटेल कशी? आणि तोडली की ठिपका राहणारच ना!”

“तेच सांगत होतो गं. राजे म्हणाले, कारणं नकोत!”

“मग उद्या मी जाते.”

“जीभ सांभाळ, पोरी!”

“आता तीच तर भट्टी वाचवणार आहे, आबा!”

दुसऱ्या दिवशी गोजरा दरबारात उभी राहिली. “गोटी होईल, महाराज. पण असल्या गोटीसाठी भट्टीचा भाता बेंबी नसलेल्या माणसानंच ओढायला हवा.”

“एवढंच ना? प्रधानजी, माणूस शोधा!” राजे वेडाच्या भरात बोलून गेले.

मग जी धांदल उडाली! पैलवानांचे बंडीचे बंद सुटले, भालदार-चोपदारांचे सदरे वर गेले. खुद्द प्रधानजींना भर दरबारात अंगरखा उचलावा लागला. मुदपाकखान्यातल्या लठ्ठ आचाऱ्याची बेंबी काही केल्या सापडेना, तेव्हा राजांना मोठी आशा वाटली. पण दोन शिपायांनी मिळून त्याच्या पोटाची घडी उचलली, आणि निघाली की बेंबी!

चौथ्या दिवशी राजे भडकले. “पोरी, माझी थट्टा करतेस? आईच्या पोटी आलेल्या प्रत्येकाची नाळ कापतात. नाळ कापली की बेंबी राहणारच!”

“मग गोटीला का नको, महाराज?”

गोजरानं कमरेला खोचलेली काचेची कांडी काढली.

“हिचं टोक भट्टीत मऊ होतं. आबा ते लाकडी पळीत फिरवून गोल करतात आणि कात्रीनं तोडतात. तोडलं तिथं खूण राहते. तो डाग नाही, महाराज. ती गोटीची बेंबी!”

“पण माझ्या गोटीला नाही ती!” गावाच्या आशेनं दरबारात थांबलेला गुलाबशेट गोटी राजांपुढे धरत ओरडला.

“म्हणूनच ती कुणाच्या हातून जन्मलेली नाही, शेटजी! महाराज, तिच्या पोटावरून जरा नख फिरवा.”

राजांनी नख फिरवलं. अडकलं! केसाएवढी बारीक रेघ गोटीभोवती गोल गेली होती.

“साच्याचे दोन अर्धे भाग जुळतात, तिथली ती शिवण,” गोजरा म्हणाली.

“गाव... गाव राहू द्या, महाराज!” म्हणत गुलाबशेट दाराकडे सरकला. तिथं शिपायांनी त्याची मानगूट धरली.

राजे आधी गोटीकडे, मग प्रधानजींच्या चुरगळलेल्या अंगरख्याकडे बघत राहिले, आणि एकदम खो खो हसत सुटले. “तीन दिवस मी अख्ख्या राज्याच्या बेंब्या तपासत बसलो! अगं, तुझी भट्टी वाचली! वर आणखी काय हवं ते माग!”

“पेटीतल्या प्रत्येक गोटीखाली ती घडवणाऱ्याचं नाव लिहा, महाराज.”

“इतकी जुनी नावं सांगणार कोण?”

गोजरानं पेटीतली एक हिरवी गोटी उचलून उलटी केली. “ही कोंडाजी काचाऱ्याची. माझे पणजोबा. डावखुरे होते, म्हणून बेंबी उलट्या अंगाला वळलीय. बाकीच्या आबा ओळखतील.”

राजांनी गोटी डोळ्याजवळ नेली. इतकी वर्षं ती त्यांच्याकडे होती, पण त्यांनी ती उलटी करून नीट पाहिली नव्हती!

“लेखनिक, लिही! कोंडाजी काचारी!” राजे म्हणाले. “आणि शंभरावी गोटी सटवाजीच घडवेल. पण पोरी, बापाला बजावून सांग... बेंबी ठसठशीत दिसली पाहिजे!”