नाव नसलेल्यांचं जेवण

"आणि त्यांच्या आधी कोण?" आजीने विचारलं.

इवारिस्तो अडखळला. इतका वेळ तो पूर्वजांची नावं घडाघडा म्हणत होता. एवढी नावं अख्ख्या गावात कुणालाच पाठ नव्हती, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरूही देत नसे.

"त्यांच्या आधी... बॅलिसो."

"हं."

सेफेरिना आजी म्हणजे होंडुरासच्या किनाऱ्यावरच्या त्या गारिफुना गावाची बुयेई, गेलेल्यांशी बोलणारी. दुखणं औषधाला दाद देईनासं झालं की लोक तिचं दार गाठत. इवारिस्तो तिचा शिष्य, आणि या खेपेला दुखणं त्याच्याच आईचं होतं. तिने अंथरूण धरलं होतं. आजीचं म्हणणं एकच : घराण्यातलं कुणीतरी उपाशी आहे, त्यांना बोलावून जेवू घाला.

"बोलावतो की! नावं येतात मला."

"नावं असलेले मागेच जेवून गेले, बाबा. हे त्यांच्या आधीचे."

त्यांच्या आधीचं तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. युरुमेन नावाचं बेट. गुलामांची गलबतं फुटली, काळी माणसं पोहत किनाऱ्याला लागली. बेटावरच्यांनी त्यांना घरात घेतलं, लेकी दिल्या, आणि दोघांचं मिळून एक गोत झालं, तेच गारिफुना. मग इंग्रजांना ती जमीन उसासाठी हवीशी झाली. वर्षानुवर्षं लढाई चालली. हरलेल्यांना बॅलिसोवर नेऊन टाकलं. ते बेट कसलं, नुसता खडक! प्यायला पाणी नाही. अर्ध्याहून जास्त माणसं तिथेच मेली. उरलेल्यांना जहाजांत कोंबून इकडे रोआतानला आणून सोडलं. मागे राहिलेल्यांची नावं कुणापाशी उरली नाहीत.

"नावच नाही, तर हाक कशी मारायची, आजी?"

आजी कसाव्याच्या कंदाची भाकरी उलटत राहिली.

"होडीतून जा," ती शेवटी म्हणाली.

पूर्वजांच्या अशा जेवणाआधी काही जण होडीने लांबच्या छोट्या बेटांवर जातात. मासे, खेकडे धरतात आणि जेवणाच्या दिवशी उजाडताना परततात. तशी रीतच आहे.

"मासे आणायला? मी?" इवारिस्तोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग जेवणाच्या वेळी माझा मधला ढोल कोण वाजवणार?"

"तुझ्या आधीही तो वाजतच होता."

आईसाठी म्हणून तो गेला.

परतताना तांबडं फुटत होतं. होडीतल्या साऱ्यांच्या डोक्यांवर माडाच्या पात्यांचे मुकुट होते. किनाऱ्यावर अख्खं गाव लोटलं होतं. तीन ढोल घुमत होते, केशरी कपड्यांतल्या बाया गात होत्या. हे सगळं इवारिस्तोने लहानपणापासून पाहिलेलं. पण पाहिलेलं ते ढोलांच्या बाजूने. समुद्राच्या बाजूने कधीच नाही.

बाया पाण्यात धावल्या. होडीतल्या एकेकाला मिठी मारून रडू लागल्या. इवारिस्तोच्या अंगावर काटा आला.

तो सगळ्यांत शेवटी उतरला. समोर त्याची आई होती. दोघींच्या खांद्यांचा आधार घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने त्याचा चेहरा ओंजळीत धरला. लेकाकडे बघावं तसं ती बघत नव्हती.

"किती वाळलात रे..." ती म्हणाली. "पाणी तरी मिळालं का तिकडे?"

होडीत पाण्याची घागर होती. पहाटेच तो पोटभर प्यायला होता.

"नाही," तो म्हणाला. "थेंबभरसुद्धा नाही, आई."

हे आपण का बोललो, ते त्याला कळेना. तो ढसाढसा रडू लागला. आईने त्याला छातीशी घेतलं आणि त्याच्याआधी स्वतःच वाळूकडे चालू लागली.

जेवणाच्या मंडपाच्या दारात सेफेरिना आजी उभी होती.

"आजी... मी एकही नाव घेतलं नाही. कुणाला बोलावलंच नाही मी."

आजी त्याच्याकडे पाहतच नव्हती. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे खिळली होती. तो वळला. रिकामी होडी. लाटा. मागे कुणी नव्हतं...

आजीने आयुष्यात कुणापुढे मान लववली नव्हती. ती दारातून बाजूला झाली आणि कमरेत वाकली.

"या. सगळे आत या. फार उशीर केलात, जेवण निवतंय."