रावबाच्या कानातली शिट्टी

मला गोष्टी सांगायला आवडत नाही. चार पाहुणे जमले की आमची नातसून चहा देते आणि कप खाली ठेवायच्या आत म्हणते, आजोबा, ती गोष्ट सांगा ना. चहा तर पोटात गेलेला असतो. मग सांगावी लागते. एकदाच सांगतो, मधे कुणी बोलायचं नाही.

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. नाव रावबा. तीस वर्षं पिठाच्या गिरणीपाशी उभा राहून त्याचे कान गेले. अक्कल गिरणीनं नेली नाही, ती आधीपासूनच नव्हती.

त्याच्या ऊर्मिलाला स्थळ आलं. मुलाला पोरगी आवडली. पण मुलाचा आजा हेकट. होकार असो का नकार, मी फोनवर पोरीच्या बापालाच सांगणार, म्हणाला. आणि बापाला तर ऐकू येईना. मग रावबाच्या बायकोनं, हौसानं, त्याला तालुक्याला नेऊन कानाचं मशीन घेतलं.

मशीनवाल्यानं बजावलं, "फोन कानाला चिकटवला की मशीन शिट्टी मारतं. शिट्टी वाजली की लांब न्यायचं."

"किती लांब?"

"थांबेपर्यंत."

रावबा घरी आला. गॅसवर कुकरची शिट्टी वाजली. रावबानं फडक्यात धरून कुकर उचलला आणि निघाला. शिट्टी दारातच थांबली, पण परत नको वाजायला म्हणून त्यानं तो ओढ्यापर्यंत नेऊन ठेवला. घरात सगळे उपाशी.

हौसा म्हणाली, "अहो, शिट्टी झाली की कुठं न्यायचं नसतं. तीन मोजायच्या आणि बंद करायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी फोन आला. आजाच होता. रावबानं फोन कानाला चिकटवला. शिट्टी वाजली. एक. मग दोन. मग तीन. रावबानं फोन बंद केला. आजानं पुन्हा लावला. पुन्हा तीन, पुन्हा बंद. आजा तिकडं लालबुंद. हा पीठवाला माझं तोंड बंद करतो?

ऊर्मिला रडकुंडीला आली. म्हणाली, "आबा, शिट्टी आली तर बंद नका करू. फोन जरा कानाच्या वर, मशीनपाशी सरकवा आणि 'बोला, ऐकतोय' म्हणा."

"बरं."

बाजारच्या दिवशी रावबा गव्हाचं पोतं घेऊन एसटी स्टँडवर उभा. एसटी मागं यायला लागली. कंडक्टर शिट्टी मारत होता. रावबानं कान एसटीच्या पाठीपाशी सरकवला नि म्हणाला, "बोला, ऐकतोय."

कंडक्टरनं त्याला गचांडी धरून ओढलं. शिट्टी वाजली की समोरचं ओझं उचलायचं नि बाजूला व्हायचं, एवढंही कळत नाही का, म्हणाला.

"बरं."

इकडं आजाला राहवेना. काय ते तोंडावरच सांगतो म्हणून चार माणसं घेऊन तो थेट रावबाच्या ओसरीवर आला. हौसानं सतरंजी घातली. ऊर्मिला दाराआड जीव मुठीत धरून उभी. आजाची कवळी नवी होती आणि ढिली होती. त्यानं घसा खाकरला.

"सोयरीक..."

कवळीतनं शिट्टी वाजली.

रावबा उठला. आजाला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं नि निघाला. आजा शिव्या द्यायला लागला. प्रत्येक शिवीला शिट्टी. शिट्टी थांबेना, म्हणून रावबाही थांबेना. देऊळ गेलं, शाळा गेली, ओढा गेला. ओढ्यापलीकडं कवळी तोंडातनं निसटून पडली आणि शिट्टी थांबली. तिथं उकिरडा होता. रावबानं आजाला त्याच्यावर अलगद बसवलं, कान पुढं केला नि म्हणाला, "आता बोला, ऐकतोय."

ऊर्मिला मागनं धावत आली. तिनं कवळी शोधली, ओढ्यात धुतली, ओढणीला पुसली आणि माझ्या हातात दिली. हो, माझ्याच. चारी माणसं पोट धरून हसत होती, ती हसली नाही. म्हणून मी उकिरड्यावरूनच हो म्हणालो. तीच ही, चहा देणारी.

तिच्या बापाला माफी मागायची आहे म्हणे. दर दिवाळीला फोन करतो. मी "सांग" म्हणतो. शिट्टी वाजते, त्याच्या मशीनची का माझ्या कवळीची, देव जाणे. मग तिकडनं एक, दोन, तीन ऐकू येतं आणि फोन बंद.

सात दिवाळ्या झाल्या. माफी राहिलीय. आणि ती मागायचीय रावबा धोंडी खुटाळ यानं.