नावाचा घास

एका राज्यात तीन वर्षं पाऊस पडला नाही. माणसं झाडपाला खाऊ लागली, तेव्हा राजाने डोंगरापलीकडच्या वज्रदंत मांत्रिकाकडून एक तांब्याचा हंडा आणला. कितीही वाढा, हंड्यातला भात सरेना. मांत्रिकाने बदल्यात काहीच मागितलं नाही, तेव्हाच खरं तर राजाने ओळखायला हवं होतं. पण पोटात कावळे ओरडत असताना विचार करतंय कोण!

तर हंड्याला शाप होता. पोटभर जेवणाऱ्याला नजरेआडचं माणूस आठवेनासं होई. परगावी गेलेला लेक आईच्या मनातून पार पुसला जाई. गंमत बघा, रडत कोणीच नव्हतं. जेवावं, ढेकर द्यावी, झोपावं.

युवराज मेघवर्ण त्याआधीच पाणी शोधायला निघून गेला होता. राजा-राणी त्याला साफ विसरले. एकट्या त्याच्या बायकोला, हेमकळेला, तो आठवत होता, कारण पोटभर जेवणारे विसरतात हे ताडून ती रोज अर्ध्या पोटी उठायची. हाडांचा सापळा झाला तिचा. आणि दैव असं चावट, की उपाशी राहूनही माणूस विसरतंच. एके सकाळी तिने डोळे मिटले तर नवऱ्याचा आवाज आठवला, पण चेहरा काही केल्या येईना. तेव्हा मात्र ती ढसाढसा रडली.

खिडकीत साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "तो वज्रदंताच्या गडावर आहे. मांत्रिकाचं अन्न जेवतो, तुला विसरला आहे. आपणहून तुझी काळजी करील, तर शाप तुटेल."

हेमकळा नेसत्या वस्त्रांनिशी निघाली. गडाला तीन दरवाजे होते, आणि तिन्ही बोलत होते. पहिल्याने ऊब मागितली. तिने अंगावरचा शेला दिला आणि कुडकुडत पुढे गेली. दुसऱ्याने झोप मागितली. तीन दिवस नि तीन रात्री ती पापणीला पापणी न लावता उभी राहिली. तिसऱ्याने पुढ्यात भाताचं भरलं ताट ठेवलं.

"शीतही न टाकता जेव. उपाशी माणसाला मी उघडत नाही."

झालं! ज्याच्यासाठी एवढं सोसलं, तोच विसरायचा! न जेवावं तर दार बंद, जेवावं तर दारापलीकडे कोण हेच ठाऊक नाही. हात ताटाकडे जाई, मागे येई. आणि खरं सांगायचं तर भात पाहून तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. त्याची तिला भारी लाज वाटली.

मग तिला आठवलं, लहानपणी ती जेवायला रुसली की आई घासाघासाला नाव द्यायची. हा काऊचा, हा चिऊचा, हा मामाचा. तिने पहिला घास उचलला. हा माझी घागर उचलून देणाऱ्याचा, म्हणाली. दुसरा, झोपेत बडबडणाऱ्याचा. तिसरा, कारलं मागून मागून खाणाऱ्याचा. घासागणिक अंगात बळ आलं, आणि बळाबरोबर हनुवटीवरचा तीळ आला, भुवया आल्या, डोळे आले. ताट चाटूनपुसून झालं, तेव्हा नवऱ्याचा अख्खा चेहरा तिच्यासमोर उभा होता. दार उघडलं.

आत मेघवर्ण जेवायला बसला होता. त्याने तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं. तरी तिने ओळख सांगितली नाही. त्याच्याच ताटातला घास उचलून त्याच्या ओठांशी धरला.

"हा हेमकळेचा."

त्याने तो सावकाश चावला. तिच्या मनगटांकडे, सैल झालेल्या बांगड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. मग ताट तिच्याकडे सरकवलं.

"किती वाळलीस गं. तू जेवलीस का?"

तिकडे राजवाड्यात हंडा उभा तडकला. राजा-राणी हातातला घास खाली ठेवून लेकाला हाका मारू लागले. वज्रदंताची राख झाली, आणि गडाखालून झरा फुटून राज्याकडे वाहू लागला.

तेव्हापासून त्या राज्यात भूकही लागते, आठवणही येते, आणि बरेचदा दोन्ही एकदमच. पण कोणी कोणाला भेटलं की आधी विचारतं, जेवलास का. जसं तिला विचारणारं माणूस मिळालं, तसं तुम्हांआम्हांला मिळो. मेघवर्ण अजून रोज विचारतो, आणि हेमकळा जेवलेली असली तरी नाही म्हणते.