बरणीतली मोहरी आणि ताटातलं मीठ

"या बरणीत मोहरीचे दाणे किती?" दिवाण चिंतोपंतांनी विचारलं.

मिठागरातला म्हातारा बाबूडा बोटं मोजू लागला.

"चूक! हो बाजूला! पुढचा!"

सकाळपासून हे असंच चाललं होतं. शंखोली संस्थानात त्या दिवशी बांधपंच निवडायचा होता. समुद्र अडवणारा बांध आधी कुठे दुरुस्त करायचा, हे हा पंच ठरवणार. आजवर त्याला दिवाणजी नेमत, आणि दगडमाती न चुकता गढीकडच्या फुलबागांपाशी पडे. मिठागराकडचा बांध तीनदा फुटला. यंदा तर मंजुळीचं घर, दोन बकऱ्या आणि वर्षभराचं मीठ, सगळं भरतीनं नेलं. पुढच्या उधाणाला उरलेली वस्तीही जाणार, हे मिठागरात पोराटोरांना ठाऊक होतं. गढीवर मात्र अजून कुणाला कळायचं होतं.

जयवंतराजांनी नवा कायदा केला: रंग, जात, वाडी काही न पाहता प्रत्येक मोठ्या माणसाला एक कवडी. ज्याला निवडायचं त्याच्या मडक्यात टाकायची.

मिठागरातली माणसं काळी, कुरळ्या केसांची. त्यांचे पूर्वज सात पिढ्यांमागे गलबतातून आले होते. गढीकडची मंडळी गोरी, निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं मत होतं. चिंतोपंत कायद्याचे मोठे भक्त! त्यांनी कुणालाही रंग विचारला नाही. दिसतच होता, विचारायचा कशाला? त्यांनी कायद्याला फक्त दोन लहानशी कलमं जोडली. एक, मत देणाऱ्यानं अकलेची परीक्षा द्यावी. दोन, थोरल्या महाराजांना, म्हणजे राजांच्या आजोबांना, गादीवर बसवताना ज्याच्या आजोबांचं मत घेतलं होतं, त्याला परीक्षा माफ.

गढीकडच्या सगळ्यांना परीक्षा माफ झाली. त्यातल्या एकानं कवडी मडक्याऐवजी पिकदाणीत टाकली. पण आजोबा होते, त्यामुळे अक्कल पाहण्याचं कारण नव्हतं.

"आमच्या घराण्याची अक्कल विचारूच नका!" चिंतोपंत सरदारांना सांगत होते. "महाराजांच्या आईसाहेब लग्न होऊन इथे आल्या, त्या वरातीतून आमचे आजोबा आले. तेव्हा कुठे या संस्थानाला शहाणपण आलं!"

मंजुळीनं ते ऐकलं आणि मनात ठेवलं. मग तिचा नंबर लागला.

"दाणे किती?"

"दिवाणजी, तुमाला तरी ठाऊक हायेत का?"

"प्रश्न मी विचारतो!"

"विचारा की. पण ती बरणी बाजूला ठेवा. मला परीक्षा माफ हाय."

गढीकडची मंडळी खो खो हसली. चिंतोपंतांनी डोळे पुसले. "तुला? थोरल्या महाराजांना गादी देताना तुझ्या आज्याचं मत घेतलं होतं म्हणतेस?"

"घेतलं होतं."

"सांगितलं कुणी?"

"तुमच्या भटजींनी. आज सकाळीच, चांगले ओरडून!"

हसणं थांबलं. त्या दिवशी गादीदिन होता. दरवर्षी या दिवशी मिठागरासकट आठही वाड्या राजासमोरच्या चांदीच्या ताटात मूठमूठ मीठ घालत. राजा त्यातली चिमूट जिभेवर ठेवी आणि भटजी ललकारी देत. दिवाणजी तेव्हा पाहुण्यांच्या फराळाची व्यवस्था बघत असत.

गादीवरून ऐकणाऱ्या राजांना मजा वाटू लागली होती. "भटजी, म्हणा पुन्हा!"

भटजींनी घसा साफ केला. "गादी रिकामी होती, दावेदार तीन होते! प्रत्येकाचं ताट मांडलं, आठ वाड्यांनी मनास येईल त्या ताटात मीठ घातलं! ज्यांचं ताट भरलं, ते थोरले महाराज!"

"अहो, तो विधी आहे!" चिंतोपंत घाईनं म्हणाले. "ह्या लोकांनी आणलेली भेट ती! तिला मत कोण म्हणतं?"

"मत नव्हतं?" मंजुळीनं गालावर हात ठेवला. "मग थोरल्या महाराजांना गादीवर बसवलं कुणी? रिकामी दिसली म्हणून बसले व्हय?"

"तसं नव्हे..."

"मग कसं? ते मीठ खरं असंल तर आमा सगळ्यांना परीक्षा माफ. आन् ते खोटं असंल तर..." तिनं गादीकडे पाहिलं आणि पदर सावरला. "ते तुमीच सांगा महाराजांना. माझ्यानं नाय बोलवणार."

राजे पुढे झुकले.

"सांगा चिंतोपंत. बसू, की उठू?"

कपाळावरचा घाम टिपून टिपून दिवाणजींचं उपरणं चिंब झालं. "मीठ... मीठ खरंच, महाराज!"

बाबूडापासून सगळ्यांना परत बोलावून कवड्या दिल्या. मिठागराच्या मडक्यात टपटप आवाज सुरू झाला. मंजुळीनं आपली कवडी टाकली तेव्हा मात्र गेलेलं घर तिच्या डोळ्यांपुढे आलं होतं.

शेवटी चिंतोपंतांनी कवडीसाठी हात पुढे केला.

"थांबा!" मंजुळी म्हणाली. "तुमचे आजोबा आईसाहेबांच्या वरातीतून आले ना? म्हंजे गादीचं ठरल्यावर, कितीतरी वर्सांनी. त्यांना कुणी विचारलं असंल?"

राजे इतके हसले की डोक्यावरचा मंदिल तिरका झाला. "कलम तुमचंच, दिवाणजी! द्या रे ती बरणी त्यांच्याकडे!"

"महाराज, हे दाणे कुणाला सांगता येतील?"

"का बरं? सकाळी तुम्हीच विचारत होता ना? उद्यापासून दोन्ही कलमं रद्द. आज तुमची परीक्षा होऊन जाऊ द्या!"

सूर्य कलला तेव्हा मिठागराचा पंच निवडून आला होता, आणि चिंतोपंत मांडी घालून दाणे मोजत होते. राजांनी मंजुळीला सोन्याचं कडं दिलं. "आणखी काय हवं, माग!"

"ती मोहरी द्या, महाराज. दिवाणजींचं उरकलं की." मंजुळीनं चिंतोपंतांकडे पाहिलं. "कैऱ्या उतरल्यात, लोणचं घालायचंय. मीठ काय, ताटात आमचं हायच!"

राजांना पुन्हा हसू फुटलं, आणि चिंतोपंतांचा आकडा चुकला.