सबनीसांचं जाकीट

“पण चाचा, त्यांनी स्वतःहून सांगायला नको होतं?”

दस्तगीरचाचांनी मांडीवरच्या पुडीत हात घातला. ते भडंग खात होते.

“मी तुम्हाला विचारतेय.”

“ऐकतोय की.”

हॉटेलच्या मोठ्या हॉलमागचा बोळ. लग्नाच्या पंगतीची टेबलं भिंतीला घड्या घालून उभी, एक तेवढं उघडं मांडलेलं. दारापलीकडे स्नूकरची क्रमवारी स्पर्धा. मध्यंतर झालेलं. त्रिशला चौगुले विक्रांत सबनीसांविरुद्ध तीन-एकनं मागे होती. पाच फ्रेम, म्हणजे पाच डाव, जो आधी जिंकेल, सामना त्याचा.

हा सामना गेला की ती व्यावसायिक क्रमवारीतून बाहेर पडणार होती. त्या यादीत दुसरी मुलगी नव्हती. एकदा बाहेर पडलं की परत येणं म्हणजे पुन्हा पात्रता फेऱ्या, पुन्हा अर्ज, पुन्हा “मुलींसाठी वेगळी स्पर्धा आहे की” हे ऐकणं.

दस्तगीर मुल्लाणी तिचे गुरू. एके काळी स्वतः राज्यभर खेळलेले. जयसिंगपूरच्या बाजारपेठेत त्यांची दोन टेबलांची खोली होती. शाळेतल्या त्रिशलाच्या हातात पहिला क्यू, खेळायची ती लांब काठी, त्यांनीच दिला. आता ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि चाचांशी वाद घालायला शिकली होती.

“गुलाबी चेंडू हलला, चाचा. सबनीस लांबच्या चेंडूसाठी टेबलावर ओणवले आणि त्यांचं जाकीट गुलाबीला लागलं. पंच त्यांच्या पाठीमागे होते, त्यांना दिसलं नाही. मी समोर खुर्चीत बसले होते, त्यांची पाळी संपायची वाट बघत. मला स्वच्छ दिसलं. आणि सबनीसांना तर कळलंच. त्यांनी खाली पाहिलं… आणि जाकीट ओढून सारखं केलं.”

“रेशमी होतं का गं?”

“काय?”

“जाकीट. लांबनं तरी रेशमी वाटलं.”

“चाचा, चेष्टा नका करू!”

चाचांनी पुडी तिच्यापुढे धरली. तिनं घेतलं नाही.

या खेळाची एक रीत आहे. क्यूच्या टोकाशिवाय कशाचाही चेंडूला स्पर्श झाला, तर तो फाऊल. बाही लागो, केस लागो, जाकीट लागो. पंचाला दिसलं नाही, तरी ज्याचा स्पर्श झाला त्यानं उभं राहून सांगायचं. चाचांच्या खोलीत ही रीत मोडणाऱ्याला पुन्हा क्यू मिळत नसे.

विक्रांत सबनीस राज्याचे जुने विजेते होते. संघटनेच्या समितीवरही होते. त्रिशलानं हरकत घेतली, तेव्हा ते तिच्याकडे बघून गोड हसले. “बाळ, तुला भास झाला असेल.” पहिल्या रांगेतली मंडळीही हसली. स्पर्धेचे संचालक म्हणाले, “पंचांनी पाहिलेलं नाही. खेळ पुढे चालू.”

खेळ पुढे चालू झाला. ती फ्रेम गेली. तिसरी गेली. चौथीही गेली.

“मी परत जाणार नाही,” त्रिशला म्हणाली.

“कुठं?”

“हॉलमध्ये. म्हणजे… जाणार, पण खेळायला नाही. माईक घेणार. सगळ्यांसमोर सांगणार, की इथे असा खेळ चालतो आणि मी त्यात नाही. मग क्यू पेटीत घालणार आणि निघणार.”

“बरं.”

“बरं काय?”

“चांगलं आहे. आणि मग?”

“मग सगळ्यांना कळेल.”

“काय कळंल?”

“की सबनीस खोटं बोलले!”

चाचांनी तळहातावरचे उरलेले दाणे तोंडात टाकले. सावकाश चावले.

“पेपरात काय येईल सांगू? चौगुले बाई तीन-एकनं मागं होत्या. निघून गेल्या… झालं. त्यात जाकीट येतंय का कुठं?”

त्रिशलानं मान फिरवली.

“सांग की. येतंय?”

“नाही येत. म्हणून काय गप्प बसायचं? चाचा, तुमच्या सगळ्या पिढीनं हेच केलं. जाऊ दे, खेळत राहा, मोठ्या माणसांच्या नादी लागू नका. तुम्ही जाऊ दिलंत, म्हणून हे सबनीस झाले. एका दिवसात नाही कुणी असं हसायला शिकत.”

दाराशी उभा असलेला वेटर दचकून आत गेला.

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट.

“खरं आहे,” ते म्हणाले.

तिला वाद हवा होता. हे उत्तर तिला नको होतं.

“खरं आहे म्हणजे?”

“म्हणजे खरं आहे. पुढं बोल.”

 ती बोळाच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

“पहिल्या फ्रेमला माझी बाही काळ्या चेंडूला लागली होती,” ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता, पण धार तशीच होती. “कुणीही पाहिलं नव्हतं. पंचांनी नाही, सबनीसांनी नाही. पहिल्या रांगेनंसुद्धा नाही. मी उभी राहिले आणि सांगितलं. सात गुण त्यांना गेले. तुम्ही शिकवलंत म्हणून सांगितलं.”

“बघितलं मी.”

“मग?”

“मग काय?”

“मग त्यांनी नको सांगायला? माझं पाहून तरी?”

“हां…” चाचा म्हणाले. “म्हणजे शेजारणीकडं वाटी भरून पाठवली होतीस. ती रिकामी परत आली.”

“तसंच समजा.”

“रिकामी वाटी परत धाडणारी बाई वाईटच. आपल्याकडं वाटीत साखर तरी घालून देतात.”

“तेच म्हणतेय मी!”

“मग आता पुढच्या वेळी वाटी पाठवायची नाही?”

त्रिशलानं क्यू या हातातून त्या हातात घेतला.

“परत बाही लागली तर?” चाचांनी विचारलं. “कुणी पाहिलं नाही. समोर सबनीसच आहे. फ्रेम हातातनं जाईल असं आहे… सांगशील?”

 आत हॉलमध्ये कुणीतरी टेबलावरचं कापड घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

“सांगीन,” ती रागानं म्हणाली. “पण त्यांच्यासाठी नाही. तुमच्यासाठीही नाही. मला नाही जमणार न सांगता उभं राहायला, म्हणून.”

“बरं झालं.”

“काय बरं झालं? मी हरतेय!”

“छे. तू कुठं हरतीस?” चाचांनी पुडी चुरगाळली. “तू खेळलीसच कुठं? दुसऱ्या फ्रेमनंतर तू खेळलीसच नाहीस. मी बघत होतो की. तू लाल चेंडूवर नेम धरायचीस आणि नजर सबनीसाच्या बटणांवर. शेवटच्या दोन फ्रेमा तुझ्याकडनं त्याचं जाकीट खेळलं. जाकिटाला काय येतंय स्नूकर?”

त्रिशलाच्या तोंडून हसू निसटलं. मग त्या हसण्याचाच तिला राग आला.

“तुम्हाला सोपं आहे बोलायला. तिथे एकटी मी आहे. हॉलमध्ये सगळे त्यांचे. पंच त्यांना वाकून नमस्कार करतात. मी शॉट मारला की पहिल्या रांगेत कुजबुज, ते खोकले तरी टाळ्या. मी बाथरूमला गेले, तर बाहेर दोघं म्हणत होते, पोरगी रडायला गेली असेल. रडायला! मी तोंड धुवायला गेले होते!”

“मग?”

“सारखं मग मग काय करता! आठ वर्षं झाली चाचा. प्रत्येक गावात हेच. आधी म्हणतात, मुली कशाला? मग म्हणतात, आलीयस तर खेळ. मग जिंकायला लागलं की नियम काढतात. न्याय मागितला की भास. किती जणांशी खेळायचं मी? टेबलावर एक माणूस असतो म्हणतात. मला तर पन्नास दिसतात!”

तिनं क्यू उघड्या टेबलावर आपटला. टोकावर आपटला असता, तर ते फुटून वर्षभराची मेहनत गेली असती. चाचांचा हात आपोआप पुढे झाला, आणि तिथेच थांबला.

“म्हणजे माईकवर भाषण करायचं,” ते शांतपणे म्हणाले, “ते निषेध म्हणून नाही.”

“निषेधच आहे.”

“बघ हां. मला काय, मी माईक आणून देतो. आवाज बारीक असेल तर मोठा करायला सांगतो. पण मला तरी खरं सांग. निषेध आहे का?”

त्रिशलानं टेबलावरचा क्यू सरळ केला.

“पोरी.”

“नाही!” ती ओरडली. “नाही, नाहीये निषेध! थकले मी. टेकले हात! ऐकायचं होतं ना तुम्हाला? टेकले मी हात. झालं समाधान?”



चाचा उठले. गुडघे करकरले. पाण्याच्या बाटलीचं निळं टोपण काढून त्यांनी ते टेबलावर, तिच्यापासून लांब, मधोमध ठेवलं.

“हाण.”

“काय?”

“टोपण. हाण की. एवढं शिकवलंय, टोपण हाणायला काय हरकत आहे?”

त्रिशलानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग क्यू उचलला. सवयीनं वाकली. डावा हात आपोआप पुढे सरकला, तळवा टेबलावर रोवला गेला, बोटं पसरली, अंगठा वर झाला. त्या खाचेत क्यू बसला.

चाचांनी तिचं मनगट धरलं आणि हात टेबलावरून उचलला.

“अंहं. असा. वर.”

“हवेत?”

“हवेत.”

ती तशीच वाकली. हात अधांतरी, त्यावर क्यू. टोक थरथरायला लागलं. तिनं श्वास रोखला, मारलं. क्यू टोपणाच्या वीतभर बाजूनं गेला.

“पुन्हा.”

पुन्हा मारलं. टोपणाला वारासुद्धा लागला नाही.

“पुन्हा.”

“चाचा, काय पोरखेळ लावलाय? हवेत कुणी क्यू धरतं का? हात टेकल्याशिवाय नेम कसा ला…”

ती थांबली.

वाकलेलीच होती. हात अजून हवेतच होता.

 चाचांनी खिशातून रुमाल काढला आणि भडंगाचं तेल बोटाबोटानं पुसू लागले.

त्रिशला स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. मग तिनं तो हळूहळू खाली आणला. तळवा टेबलाला लागला. पसरला. रुतला.

टोक थरथरायचं थांबलं.

टोपण उडालं, समोरच्या भिंतीवर आपटलं आणि घड्या घातलेल्या टेबलांच्या मागे कुठेतरी जाऊन पडलं.

त्याच वेळी दार उघडलं. स्पर्धेचे संचालक. गळ्यात ओळखपत्र, कपाळावर घाम.

“चौगुले, वेळ संपलीय! सबनीस सर केव्हाचे येऊन बसलेत. तुमच्या नावाचा पुकारा झाला दोनदा. येताय, की त्यांना पुढे चाल देऊ?”

 त्रिशलानं खिशातून निळा खडू काढला आणि क्यूच्या टोकावर घासू लागली. एकदा. परत एकदा. घाई नव्हती.

“अहो, मी काय विचारतोय? आत काय सांगू मी?”

ती त्यांच्या बाजूनं सरळ दारातून आत गेली. पहिल्या रांगेतली कुजबुज बोळापर्यंत ऐकू आली.

संचालकांनी वैतागून चाचांकडे पाहिलं. “हिचं नक्की काय चाललंय?”

चाचांनी रुमालाची घडी घातली.

“सबनीसांना सांगा, पोरीनं हात टेकलेत… खुर्चीत नीट बसून घ्या म्हणावं.”