तांबूचं धाकटं पिल्लू

पुष्कळ वर्षांमागे एका अंगणातून रोज थाळीचा ठणठणाट ऐकू यायचा. तिथे आंधळ्या माणसांना वाट दाखवणारी कुत्री वाढवत. पिल्लांचे डोळे उघडले, की त्यांना सांभाळणाऱ्या गोदाक्का त्यांच्यापाशी बसून थाळी वाजवायच्या आणि लगेच त्यांना कुरवाळायच्या.

पिल्लांची आई तांबू गोंधळून गेली. तिने गोठ्यातल्या शेळीला विचारलं, "शेळीबाई, ही बया माया करते की भिववते?"

"मला नको विचारूस. मला तर कुणी माया केली, की जास्त भीती वाटते," शेळी म्हणाली.

झालं! थाळी दिसली, की तांबू धाकट्याला तोंडात धरून लांब गवतात नेऊन ठेवू लागली.

पिल्लं मोठी झाली. एकेक जण आपल्या माणसाला घेऊन गजबजलेल्या रस्त्याने निघून गेला. थाळीच्या आवाजाची सवयच न झालेला धाकटा मात्र मोटारीचा भोंगा वाजला, की थरथरत आईच्या पोटाखाली शिरायचा.

"असू दे रे. तू तरी माझ्यापाशी राहिलास," ती त्याला चाटत म्हणायची.

एकदा फाटकाकडे बघत त्याने विचारलं, "आई, सगळ्यांची माणसं आली. माझं कधी येणार गं?"

थाळी दिसली, की त्याला गवतात लपवायचे ते दिवस तांबूला आठवले. मग ती उठली आणि त्याची नजर चुकवत गोठ्यामागे निघून गेली.